समोरासमोरच्या काचांतली डोकी

आजच्या सभेच्या अध्यक्षा आणि आमच्या धर्मगुरूंच्या, रब्बींच्या पत्नी माननीय खायाबाई. व्यासपीठावर मधोमध बसून मघापासून मला ‘आवरतं घ्या’ अशा खुणा करणाऱ्या सत्कारमूर्ती गोल्डे श्पिराबाई. पहिल्या रांगेतल्या माझ्या विहीणबाई ब्लुमा. आणि कुगेलच्या ताटांच्या टेबलाला खेटून खुर्च्या मांडलेल्या समस्त भगिनींनो,

मी झिपोरा ब्रॅथवेट. शाळा मी लवकर सोडली, त्यामुळे भाषणात सुविचार नसतील. जे झालं ते सांगते आणि बसते. गुडघेही तेच म्हणताहेत.

गोल्डेबाई आपलं केसांच्या टोपांचं दुकान बंद करून मुलीकडे मायामीला चालल्या. इथे बसलेल्या निम्म्या बायकांच्या डोक्यावर त्यांचाच टोप आहे. लग्न झालं की आपण आपले केस झाकायचे, आणि झाकायला त्याहून देखणे केस विकत घ्यायचे. ह्यात देवाचा काय हिशेब आहे तो रब्बींना विचारा. मी विचारला होता. त्यांना तेव्हाच नेमका फोन आला.

मी ह्याच वस्तीत जन्मले. आजोबा बार्बाडोसहून बोटीनं आले ते ज्यू म्हणूनच आले. तरी आजही प्रार्थनेला नवी बाई आली की माझ्याकडे वळून गोड आवाजात विचारते, “पाहुण्या का?” नातवंडाची गाडी ढकलत रस्त्यानं निघाले की विचारतात, “कोणाकडे कामाला आहात?” आणि मागच्या गल्लीतल्या माझ्यासारख्याच काळ्या मैत्रिणी विचारतात, “झिपोरा, रविवारी चर्चला कधी यायचीस?” म्हणजे इकडच्यांना मी तिकडची वाटते, तिकडच्यांना इकडची. मी दोन्हीकडे एकच सांगते, आधी खुर्ची द्या, मग ठरवा.

आता मुद्द्यावर येते. खायाबाई, घड्याळ बघू नका, मुद्दा लहान आहे.

माझी नात तिर्झा, मीच वाढवलेली, हिचं लग्न ब्लुमाबाईंच्या पाचव्या मुलाशी ठरलं. ब्लुमाबाईंच्या चारही थोरल्या सुनांना एकच टोप. तपकिरी, सरळ, खांद्यापर्यंत. पाठमोऱ्या उभ्या राहिल्या की एकाच साच्यातून काढल्यासारख्या. एका पोराच्या बार मिट्झ्वाच्या समारंभात थोरल्या मुलानं तिसऱ्याच्या बायकोला मागून “चल गं घरी” म्हटलं होतं, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. हसू नका, ब्लुमाबाई अजून हसलेल्या नाहीत.

तर पाचव्या सुनेलाही तोच टोप सांगून ठेवलेला. आम्ही दुकानात गेलो. तिर्झाचे केस तुम्ही पाहिलेत, बारीक कुरळे, डोक्याभोवती ढग. गोल्डेबाईंनी ते सगळे जाळीत कोंबले, वरून टोप चढवला आणि म्हणाल्या, “झाली सून.”

पोर आरशात बघत राहिली. मग म्हणाली, माझ्या केसांसारखा नाही का मिळणार? गोल्डेबाई म्हणाल्या, बाळ, तसा टोप नसतोच, लग्न झालेल्या बाईचं डोकं नीटनेटकं हवं. मी म्हटलं, देवानं दिलेलं विस्कटलेलं आणि तुम्ही खोक्यातनं काढलेलं नीटनेटकं, हे कधी ठरलं? त्यांनी ऐकलं नसल्यासारखं केलं. ते त्यांना छान जमतं, आत्ताही बघा.

तिर्झानं टोप उतरवून गल्ल्यावर ठेवला आणि मला म्हणाली, “आजी, लग्न मी करायचं आणि नांदायचं ह्या टोपातल्या बाईनं?”

घरी येऊन तिनं नवऱ्यामुलाला कळवलं की हा टोप असेल तर लग्न नको. मुलगा रडकुंडीला आला. ब्लुमाबाईंनी निरोप पाठवला की आमच्याकडे सुना अशाच दिसतात. मी उलट निरोप पाठवला की ते आम्ही पाठीमागून पाहिलंय. थोडक्यात, लग्न मोडल्यातच जमा होतं. पोरगी दार लावून बसली, जेवेना. माझ्या हातची, बार्बाडोसच्या पद्धतीनं चीज घालून भाजलेली मॅकरोनी पाय नाकारली म्हणजे प्रकरण किती गंभीर, ते समजा.

मग मी एकटीच भांडायला गेले. ऑगस्टचा उकाडा, दुकानात चिटपाखरू नाही. मी थेट मागच्या खोलीत शिरले. दार वाजवायची पद्धत आमच्यात आहे, पण रागात नाही. आणि बघते तर गोल्डेबाई पंख्यासमोर बसलेल्या, टोप मांडीवर, आणि डोक्यावर, गोल्डेबाई माफ करा, उकडलेला फुलकोबी. पांढरा, कुरळा, चहूबाजूंनी फुललेला. माझ्या सख्ख्या मावशीचं डोकं.

त्यांनी घाईनं टोप चढवला तो उलटा. तोंडावर केस आले. मी म्हटलं, “ठेव गं खाली. बाईनं बाईचं डोकं बघितलं तर काय बिघडतं?”

तेव्हापासून आम्ही अगं-तुगंवर आहोत.

मग ती बोलली. तिची आई दर शुक्रवारी तिला इस्त्रीच्या टेबलावर डोकं ठेवायला लावायची आणि केसांवरून इस्त्री फिरवायची. ज्यू पोरीनं ज्यू दिसू नये म्हणून. कपाळावरचा डाग तिनं मला दाखवला. मी माझा कान दाखवला. माझी आई लोखंडी कंगवा गॅसवर तापवायची. का, ते काळ्या पोरीला सांगावं लागत नाही. दोघी म्हाताऱ्या एकमेकींचे भाजल्याचे डाग बघत बसलो. तिचा मोठा की माझा, ह्यावरूनही भांडलो. माझा मोठा आहे.

आणि ती म्हणाली, “झिपोरा, मी अठराव्या वर्षी लग्न केलं ते नवरा आवडला म्हणून नाही गं. टोप मिळेल म्हणून.”

श्पिरासाहेब आज हयात नाहीत म्हणून सांगते. असते तरी सांगितलं असतं.

मी म्हटलं, मग माझ्या नातीनं कशासाठी करायचं? तशी ती उठली, टोप नीट घातला, पिना लावल्या, आणि मला घेऊन रस्ता ओलांडला.

तुम्हाला माहीत आहे समोर काय आहे. काळ्या बायकांचं टोपांचं दुकान. हिच्या काचेत टोप चढवलेली फोमची डोकी, त्यांच्याही काचेत फोमची डोकी, वर्षानुवर्षं एकमेकींकडे टक लावून बघताहेत. डोक्यांची रोजची भेट, बायकांची एकदाही नाही. हिनं आत जाऊन प्रत्येक बट चोळून पाहिली, दोनदा नाक मुरडलं आणि कुरळे केस घेऊन आली. पहिला टोप भिजलेल्या मेंढीसारखा झाला. मी तसं सांगितलं. दुसऱ्याच्या वेळी मी शेजारी बसून माझ्या आईचे शब्द बोलत राहिले, ते इथे सांगण्यासारखे नाहीत. तिसरा झाला तो तिर्झाचा. तिनं तो घातला, आरशात बघितलं आणि पहिलं वाक्य म्हणाली, “आजी, मॅकरोनी पाय उरलीय का?”

लग्नानंतरच्या पहिल्या जेवणावळीला ब्लुमाबाई सुनेकडे अख्खं सूप संपेपर्यंत बघत होत्या. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, “ही पाठमोरीसुद्धा ओळखू येते.” त्यांनी ती तक्रार केली होती. मी आभार मानले. पुढच्या पुरीमच्या सणाला तिसरी सून दुकानात गेली आणि म्हणाली, मलाही ओळखू येणारा द्या. ब्लुमाबाई, हे तुम्हाला आत्ताच कळत असेल तर तोंड मिटा, माशी जाईल.

एक राहिलं. ह्या बाईनं तेव्हापासून वस्तीतल्या कितीतरी पोरींना त्यांचं डोकं परत दिलं. स्वतः मात्र आजही तोच सरळ तपकिरी टोप घालून व्यासपीठावर बसली आहे. म्हणून तिर्झानं आणि मी तिला न विचारता एक काम केलं. तिर्झा, ती पेटी इकडे आण. गोल्डे, ह्यात एक टोप आहे. पांढरा, कुरळा. नमुना मी त्या दिवशी डोळ्यांनी घेतला होता, तो विसरण्यासारखा नव्हता.

खायाबाईंचे आभार, त्यांनी मला तीनदा थांबवलं नाही, दोनदाच थांबवलं. तुम्हा सगळ्यांचेही आभार. माझं काही टोचलं असेल तर टोपाची पिन समजा, काढा आणि बाजूला ठेवा.

गोल्डे, रडू नकोस, आत आरसा आहे. जा, बदलून ये. तू येईपर्यंत कुगेलला कोणी हात लावणार नाही, मी उभी आहे. आणि बाहेर आलीस की ह्यांतली एखादी तुला ओळखणार नाही, गोड आवाजात विचारेल, “पाहुण्या का?”

तेव्हा सांग, झिपोराच्या घरची.