मुनीनाच्या वाटणीची रोटी

(तिंदूफच्या वाळवंटातली सहरावी निर्वासितांची छावणी. दवाखान्याची खोली. परिचारिका एम्बारका आणि तिचा चुलतभाऊ लेहबीब याची बायको सल्का. सल्काची अकरा वर्षांची मुलगी तौफा बाहेर ओट्यावर बसली आहे.)

सल्का : वाऱ्यानंच येतंय गं ते. उन्हाळी वारा सुटला की अर्ध्या छावणीच्या नाकातून रक्त येतं. सासूच्या यायचं, लेहबीबच्या अजून येतं. नाकाला तूप लावायचं, डोकं ओलं करायचं, थांबतं. तेवढ्यासाठी पोरीच्या पोटात नळी कशाला घालायला लावलीस?

एम्बारका : आधी बस, सल्का.

सल्का : बसायला वेळ नाही. पाण्याची गाडी यायची आहे.

एम्बारका : गाडी दुपारनंतर येणार, हे तुलाही माहीत आहे. बस.

सल्का : बसले. बोल.

एम्बारका : त्या नळीच्या तपासणीचा कागद आज आलाय. वाऱ्यानं आलेलं रक्त दहा मिनिटांत थांबतं. गेल्या बुधवारी तौफाचं किती वेळ चाललं होतं?

सल्का : चहाचा पहिला पेला ओतला तेव्हा सुरू झालं. तिसरा पिऊन झाला तरी वाहतच होतं.

एम्बारका : आपले तीन पेले म्हणजे दीड तास तरी. आणि मांडीवरचे निळे डाग?

सल्का : शेळ्यांच्या कुंपणावर चढते ती. आपटते कुठंतरी.

एम्बारका : मी विचारलं तिला. न आपटताच उठतात. ऐक आता. रक्त गोठायला एक जीवनसत्त्व लागतं. ते अन्नातून येतं आणि आतड्यातून अंगात जातं. तौफाचं आतडं आतून झिजून सपाट झालंय. खाल्लेलं काहीच नीट अंगी लागत नाही, त्यात हेही आलं. म्हणून रक्त लवकर थांबत नाही. म्हणून अकराची असून सातची दिसते.

सल्का : आणि झिजलं कशानं?

एम्बारका : गव्हानं.

सल्का : कशानं म्हणालीस?

एम्बारका : गव्हानं. रोटी, शेवया, कुसकुस, सगळ्यानं. सिलिअॅक म्हणतात याला. सगळ्यांनाच होत नाही, पण आपल्या लोकांत फार आहे.

सल्का : मदतीच्या पिठाच्या पोत्यावर लहानाची मोठी झाले मी. तू पण. दुसरं होतं काय खायला?

एम्बारका : आजोबांच्या वेळी उंटिणीचं दूध असायचं, मांस असायचं. गहू कधीमधी. आता तिन्ही त्रिकाळ तोच.

सल्का : बरं. गहू बंद करते. सातूची पेज देईन. सासू तेच सांगायची, अशक्त माणसाला सातू द्यावा.

एम्बारका : सातूसुद्धा नाही. त्यातही तेच आहे.

सल्का : मग काय, वाळू खाऊ घालू?

एम्बारका : भात, मका, मसूर, दूध. मिळेल तेव्हा अंडं, मांस. या आजाराच्या पोरांसाठी वेगळं पीठ येतं, त्यात मी तिचं नाव घातलंय. पण ते वेळेवर येईलच असं नाही. मागं तीन महिने आलं नव्हतं. तेव्हा पोर कितीही रडली तरी तू विरघळायचं नाहीस. चिमूटभर रोटीही नाही. तिचं भांडं वेगळं, तिचा तवा वेगळा.

सल्का : सगळे एका परातीत जेवणार आणि माझी पोर कोपऱ्यात वेगळं भांडं घेऊन. नळी घालून आणलं त्या दिवशी लेहबीब काय म्हणाला माहीत आहे? म्हणाला, एकदा आजाराचं नाव चिकटलं की हिला मागणी घालायला कुणी येणार नाही. रक्ताचं काय, लग्न झालं की थांबेल.

एम्बारका : लग्नापर्यंत पोर राहायला तर हवी.

सल्का : असं तोंडावर बोलू नकोस.

एम्बारका : मग कधी बोलू?

सल्का : तिकडं ओट्यावर काय करतेय ती, ठाऊक आहे? यायला तयार नव्हती. म्हणून बिस्किटांचा पुडा घेऊन दिला मी. समजूत काढायला.

एम्बारका : राहू दे. आजच्या पुड्यानं आभाळ कोसळत नाही.

सल्का : एक विचारते. खरं सांगशील?

एम्बारका : विचार.

सल्का : मुनीना.

एम्बारका : हं.

सल्का : माझी थोरली. चौदाची होती. पोट फुगलेलं, हातापायांच्या काड्या, नाकाला कायम अंगभर गुंडाळलेल्या मलहफ्याचा पदर धरलेला. तो धुऊन धुऊन रंग गेला त्याचा, डाग गेले नाहीत. इथं आणलं की तुम्ही लाल गोळ्या द्यायचात. सांगायचात, चांगलं खाऊ घाल. घातलं की. पीठ कमी पडलं तर आम्ही पातळ मसूर पिऊन झोपायचो, पण तिची रोटी चुकवली नाही मी. शेळीच्या दुधात कुस्करून, मांडीवर डोकं घेऊन एकेक घास भरवायचे. त्या दिवशीसुद्धा. वाळूचं वादळ सुटलेलं, गाडी निघेना, रक्त थांबेना. आणि मी आपली तिच्या मागं लागले होते, दोन घास खा गं, ताकद येईल. सांग मला. तिलाही हेच होतं?

एम्बारका : आता ते तपासता येणार नाही.

सल्का : मी ते विचारलं नाही.

एम्बारका : हो. हेच होतं असं मला वाटतं.

सल्का : म्हणजे मीच तिला...

एम्बारका : थांब. आधी माझं ऐकून घे, मग काय म्हणायचं ते म्हण. कागद आला तशी मी जुनी वही काढली. शेवटच्या वर्षात मुनीना पाच वेळा आली होती. पाचही वेळा माझंच अक्षर आहे. नाकातून रक्त, कोरडी हवा. पाच वेळा तेच. पोट दाबून बघितलं नाही, अंगावर डाग आहेत का विचारलं नाही. या आजाराची पोरं मी पाहिली होती. पण ती सगळी जुलाबांची. नाकातल्या रक्ताचा त्याच्याशी काही संबंध असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आणि चांगलं खाऊ घाल, हे तुला सांगणारी मीच होते.

सल्का : वहीत पाच वेळा तेच लिहिलंस. आणि दुखवट्याला आलीस तेव्हा माझ्या शेजारी बसून म्हणालीस, अल्लाची मर्जी.

एम्बारका : म्हणाले होते.

सल्का : आता काय म्हणतेस?

एम्बारका : आता काही म्हणत नाही.

सल्का : तुझ्या अंगावर धावून जायला हवं मी. तेवढं त्राणही नाही. दोन डबे पाणी उचललं की डोळ्यांपुढं अंधार येतो.

एम्बारका : हे कधीपासून?

सल्का : कधीपासून काय? बायकांना असतंच.

एम्बारका : असतंच असं नाही. तुझे दोन गर्भ अर्ध्यावर पडले. हाडं दुखतात म्हणून तू रात्रभर कण्हतेस, लेहबीबनंच सांगितलं. हा आजार रक्ताच्या नात्यात उतरतो, सल्का. तुझी तपासणी करायची, त्याचीही.

सल्का : माझं राहू दे.

एम्बारका : पाच वेळा राहू दिलंय मी. आता नाही.

सल्का : बरं. आधी पोरीचं बघ. मग माझं घे काय घ्यायचं ते.

एम्बारका : तौफा, आत ये बाळ.

तौफा : आई, तू रडतेस?

सल्का : हो.

तौफा : मला मुनीनासारखं झालंय का?

एम्बारका : झालंय. पण तुझं वेळेत कळलंय. आता एक सुई देणार आहे, रक्त थांबायची. आणि उद्यापासून रोटी नाही खायची. कधीच नाही.

तौफा : बिस्किटंपण नाही?

एम्बारका : तीही नाही.

तौफा : चालेल. दोनच खाल्ली मी. जास्त खाल्ली की पोटात कळ येते. मुनीनालापण यायची.

सल्का : तुला कुणी सांगितलं?

तौफा : तिनंच. तू शेळ्यांकडं गेलीस की ती उरलेली रोटी मला द्यायची. मला नको असली की तंबूच्या कडेला वाळूत पुरायची.

सल्का : मला कधी बोलली नाही.

तौफा : तिनं मलापण शपथ घातली होती. म्हणाली, आई स्वतः न खाता ठेवते, तिला कळलं तर वाईट वाटेल.

एम्बारका : सल्का, तू बाहेर बसतेस का थोडा वेळ?

सल्का : नको. तौफा, दंड इकडं कर. मी धरते. थोडंसं टोचेल.