जावयांनी सिम काढून घेतल्याबाबत

मी खाली सही करणारी, वय ६१ वर्षे, धंदा घरगुती शिवणकाम, सध्या मुक्काम लेक-जावयांकडे, स्टेशनमागची इमारत, तिसरा मजला, आज १७ तारखेला दुपारी साडेचार वाजता पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून दुभाषीबाईंमार्फत सांगते ते असे:

मी लेकीच्या बाळंतपणासाठी तीन महिन्यांपूर्वी या परदेशात आले. मला न्यायला जावई आले होते. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला नवा फोन दिला. ठिपक्याठिपक्यांचं एक चौकोनी चित्र फोनला दाखवलं आणि म्हणाले, तुमचा जुना नंबर आत गेला, तिकडचाही गेला, आता कार्डाची कटकट नाही. चित्र दाखवून सिम बसतं हे मला तेव्हाच पटलं नव्हतं. पण जावयांशी हुज्जत कोण घालणार.

इथे आल्यापासून जुन्या नंबरवर एकही फोन नाही. आमच्या ह्यांच्याकडे साधा बटणांचा फोन आहे आणि त्यांना माझा तोच नंबर पाठ आहे. विचारलं की जावई म्हणायचे, तो चालू ठेवला तर बिल येतं, तुम्ही हिच्या फोनवरून बोला. मी बोलायचे, पण लेक शेजारी उभी.

माझं परतीचं विमान उद्या, १८ला. २१ला ह्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. बायको आल्याशिवाय टेबलावर झोपणार नाही, असं ह्यांनी डॉक्टरांना सांगून ठेवलंय. चार दिवस मी बॅग भरते आहे आणि घरात कोणी बॅगेकडे बघत नाही. काल विचारलं तर जावई म्हणाले, तारीख पुढे गेली, विमानवाल्यांनीच ढकलली. कधीपर्यंत, तर उडवाउडवीचं उत्तर. लेक बाळाच्या दुपट्यांच्या घड्या घालत होती, तिने मान वर केली नाही. तिची रजा २२ला संपते. कुठेतरी पाणी मुरतंय, हे मला कळलं.

आज बाळ झोपल्यावर मी कानातल्याच्या टोकाने फोनची सिमची खाच उघडली. आत काही नाही. जावयांनीच सिम काढून घेतलं अशी माझी खात्री झाली आणि मी तडक इथे आले.

इथल्या पोलीसबाईंनी फोन पाहिला. हे सिम दिसत नसतं, फोनच्या आतच असतं, असं सांगून त्यांनी पडद्यावर माझा जुना नंबर दाखवला. तो फक्त बंद करून ठेवलेला होता. त्यांनी चालू केल्यावर आठ मेसेज आले. सात ह्यांनी फोन करून पाहिल्याचे. आठवा विमान कंपनीचा, १५ तारखेचा: शेवटी ४६ असलेल्या नंबरवरून आलेल्या विनंतीप्रमाणे तिकीट रद्द.

जबाब लिहून घेणाऱ्या साहेबांनी विचारलं, ४६ जावयांचा का. जावयांचा १२ आहे. पुन्हा विचारल्यावरून सांगते की ४६ माझ्या लेकीचा आहे.

सिम चोरीला गेलेलं नाही, तेवढं खोडावं. जावयांवरचा आळ मी मागे घेते. लेकीचं लिहू नका असं मी म्हणाले, पण सांगितलेलं सगळं लिहावंच लागतं असं दुभाषीबाई म्हणाल्या. मग हेही लिहा: तिने तोंडाने एकदा "आई, राहा" म्हटलं असतं, तर मी ह्यांची समजूत घातली असती. राग मला त्याचा आहे.

वरचा मजकूर दुभाषीबाईंनी मला माझ्या भाषेत वाचून दाखवला, मी सांगितला तसाच आहे. बाळाची दुधाची वेळ सहाची आहे आणि ते बाटली फक्त माझ्याच हातून घेतं, म्हणून सही करून लगेच निघते.