बाबांच्या पोळ्या

झाशीतल्या त्वचारोगाच्या दवाखान्यात मराठी कानावर पडलं, तसा मृदुलाने मोबाइल खाली ठेवला. समोर सासरे-सून बसले होते.

"काय म्हणाले डॉक्टर, कल्याणी?"

"निकेलची अ‍ॅलर्जी आहे, बाबा. कारखान्यात नळांना मुलामा देते ना, त्यानंच हात फुटले. आता पॅकिंगमध्ये बदली मागते. महिन्याभरात बरे होतील म्हणाले."

"वा, छान झालं."

"मग पोळ्या मीच करीन. सुटलात तुम्ही."

"एवढी घाई कशाला? माझ्या आत्ता कुठे फुगायला लागल्यात."

"पण आई हसतात ना तुम्हाला."

"हसते, आणि दोन जास्त खाते."

तेवढ्यात कंपाउंडर बाहेर आला. सासरे लगेच त्याच्याकडे वळले.

"भैया, जरा डॉक्टरसाब से पूछिए, बहू को आटा गूंथने की भी मनाही लिख देंगे क्या?"