सातवा खड्डा

समीक्षा : सहावा राहू दे, आठवा राहू दे. काका, हा सातवा खड्डा तेवढा दोन पावलं सरकवा. एवढंच म्हणतेय मी.

हरिश्चंद्र : दोन पावलं सरकवा म्हणे! गो बाय, आंब्याची कलमं आहेत ती, अंगणातली तुळस नाय. तीस-तीस फुटांवर दोरी धरून चुना टाकलाय. एक खूण सरकली की पुढची सगळी ओळ सरकली. आणि उद्या सकाळी आठला तो समर्थ ब्रेकर घेऊन खड्डे फोडायला इथे सड्याच्या माळावर हजर. त्याला काय सांगू? आमची पुतणी पुण्याहून आलीय, तिला कातळावर रेघ दिसली?

समीक्षा : रेघ नाही हो. चर आहे, माणसाने कोरलेला.

हरिश्चंद्र : पाणी जाऊन पडलेले चर ते. साठ वर्षं बघतोय मी.

समीक्षा : आणि मी वीस. दर मे महिन्यात घरी आले की संध्याकाळी इथे येऊन बसते, ती कशाला असं वाटलं तुम्हाला?

हरिश्चंद्र : मला वाटायचं, काकीशी पटत नाय म्हणून.

समीक्षा : तेही थोडं होतंच.

हरिश्चंद्र : पण मग लिहिलंस का नाय? धरणांवर लिहिलंस, मिठागरांवर लिहिलंस, उशाला घेता येतील एवढी जाडी पुस्तकं. घराच्या डोक्यावरची गोष्ट तेवढी सोडलीस.

समीक्षा : ते काम आहे, काका. हे माझं वेड आहे. लिहायला घेतलं की मी तपासत सुटते, माणसांना छळते, कागद गोळा करते. मग बघायचं राहून जातं. एक तरी गोष्ट नुसती बघायला ठेवावी, असं वाटलं.

हरिश्चंद्र : आणि तुझ्या वेडापायी ओमकार माझं डोकं खाईल, त्याचं काय? मुंबईहून रोज फोन असतो त्याचा. 'बाबा, यंदा सड्यावर कलमं लागली तर ठीक, नायतर हा तुकडा चिरेखाणीला देऊन टाकू.' खाणवाला दोनदा चहा पिऊन गेला. मग कापतील तुझ्या रेघेचे चिरे. चालेल तुला?

समीक्षा : नाही चालणार. म्हणून तर अर्धा तास मागतेय. ऊन कलतंय, आत्ताच नीट दिसेल. झाडून काढू, पाणी ओतून बघू. काही दिसलं नाही तर मी गप्प घरी येते, आणि उद्या समर्थला चहासुद्धा मीच करून देते.

हरिश्चंद्र : आण तो खराटा इकडे. इतकं हळू, झाडतेयस की लिहितेयस?

(दोघं वाळलेलं गवत आणि माती झाडून काढतात. हरिश्चंद्र कळशीतलं पाणी चरात ओततो.)

हरिश्चंद्र : थांब. हे पाणी कुठे चाललं?

समीक्षा : उताराला जाईल ना.

हरिश्चंद्र : उतार तिकडे आहे. हे गोल फिरतंय. आठव्या खड्ड्याकडे बघ.

समीक्षा : अहो, हे मी कधी पाहिलंच नाही! मला हा एकच पंख माहीत होता.

हरिश्चंद्र : पंख कसला?

समीक्षा : पक्ष्याचा. माझ्या वहीत वीस वर्षं 'पक्षी' म्हणून नोंद आहे.

हरिश्चंद्र : ओत अजून. त्या अंगाने ओत. सावकाश गो, सांडू नको... अगो, पक्षी कसला! पाकट आहे ही!

समीक्षा : पाकट? मासा?

हरिश्चंद्र : परवा काकीने कालवण केलं, दोनदा मागून खाल्लंस, तीच. हे दोन बाजूंना पसरलेले पर. ही शेपटी, लांबच लांब, थेट नवव्या खड्ड्यापर्यंत. आणि हे शेपटीच्या मुळाशी बारीक काय काढलंय?

समीक्षा : तडा असेल.

हरिश्चंद्र : तडा नाय, नांगी आहे. असते तिथेच आहे. ती लागली की माणूस दोन दिवस बोंबलतो. ज्याने हे काढलं ना, त्याने पाकट हातात धरलेली आहे, समीक्षा. ऐकीव नाय हे.

समीक्षा : इथून समुद्र दिसतसुद्धा नाही.

हरिश्चंद्र : दोन डोंगर उतरून जायचं. तिथून डोक्यात घेऊन आला इथवर. किती जुनं असेल?

समीक्षा : अशा कातळशिल्पांचं वय नक्की कोणीच सांगत नाही. हजारो वर्षं, म्हणतात.

हरिश्चंद्र : थांब, मोजतो. एक, दोन, तीन... बावीस, तेवीस, चोवीस. चोवीस पावलं! आणि कुठे चुकला नाय. इथे उभं राहून सगळी एका नजरेत मावत पण नाय. तो बघत होता कुठून?

समीक्षा : मला नाही माहीत, काका. कळशी रिकामी झाली.

हरिश्चंद्र : कळशी खाली ठेव मग.

समीक्षा : आणि हा तिरका चर? तिच्या पाठीवरून आडवा गेलाय तो. भाला असेल का, शिकारीचा?

हरिश्चंद्र : तो भाला नाय. तो मी आहे.

समीक्षा : म्हणजे?

हरिश्चंद्र : अठरा वर्षांचा होतो. इथे पाणी साचायचं, कोकमं वाळवायची पंचाईत. तुझे आजोबा म्हणाले, चर काढ. पहार होती, छिन्नी होती, घण होता. आठ दिवस ठोकत बसलो, हातांना फोड आले आणि हा एवढा झाला. बघ, उंदराने कुरतडल्यासारखा. आता पाकट काढणाऱ्याच्या चरात बोट फिरव. कड बघ कशी बसलीय. लोखंड होतं त्याच्याकडे?

समीक्षा : नसावं, असं मानतात.

हरिश्चंद्र : मग कशाने?

समीक्षा : दगडाने.

हरिश्चंद्र : दगडाने? हा कातळ? तुला पुस्तकातून माहीत असेल गो, मला हा हातांना माहीत आहे. धन्य तो माणूस. आणि मी त्याच्या कामावर पहार चालवली. लाज वाटते.

समीक्षा : तुम्हाला काय ठाऊक तेव्हा? मी तर शिकलेली बाई, वीस वर्षं बघून पक्षी म्हणत बसले.

हरिश्चंद्र : तुझं वहीत आहे, खोडता येईल.

समीक्षा : तुम्ही नको म्हणालात तर मी यावर एक ओळ लिहिणार नाही. गाड्या भरभरून लोक येतील, तुमची बाग तुडवतील.

हरिश्चंद्र : लिही. पण पाकट लिही. आणि हा तिरका चर हरिश्चंद्राने केला, ते पण लिही, नावानिशी. नायतर आणखी कोणी शिकलेलं येईल आणि भाला म्हणेल.

समीक्षा : आणि ओमकार?

हरिश्चंद्र : त्याला बोलावून घेतो. फोनवर सांगायची गोष्ट नाय ही. इथे उभा करतो, मग बोलू दे चिरेखाणीचं. भांडेल. भांडू दे. जमीन अजून माझ्या नावावर आहे.

समीक्षा : अकरा कलमं आणून ठेवलीत तुम्ही.

हरिश्चंद्र : खालच्या उताराला सहा बसतील. बाकीची देऊ कोणाला तरी. तुझा फोन दे जरा... हॅलो, समर्थ? हरिश्चंद्र बोलतोय. उद्या मशीन आणू नको... नाय नाय, दुसऱ्या कोणाला नाय दिलं काम... कातळ कठीण म्हणून नाय रे... अरे, जागा रिकामी नाय.