खालच्या खणातला सुरा

नाही हो भाऊ, हा नको — हाही नको — मागच्या मंगळवारी तुम्ही हेच तीन मांडलेत, मी हेच तीन उचलले, हेच तीन परत ठेवले, आणि आज पुन्हा तेच? ‘ग्युतो आहे, जपानी सुरा, दोन्ही बाजूंनी धार, कुठल्याही हाताला चालतो’ — मला पाठ झालंय तुमचं. कुठल्याही हाताला चालतो म्हणजे कुणाच्याच हाताचा नाही, असं माझं म्हणणं. पातं देखणं आहे, नाही कोण म्हणतंय? नक्षी काय, चकाकी काय — पण ती नक्षी काय कांद्याला दाखवायची आहे का? मला तो काढून द्या. कुठला ते तुम्हाला ठाऊक आहे. खालच्या खणातला, मागच्या कोपऱ्यातला, त्या पिवळ्या पडलेल्या खोक्यातला. मागच्या वेळी दुसरं काही शोधताना हाताला लागला तुमच्या आणि तुम्ही तो असा घाईघाईने आत सारलात, जसं काही नको ते दिसलं मला. ‘तो चालत नाही, बाई, डाव्या हाताचा आहे, कुणीतरी खास मागवला आणि न्यायला आलाच नाही.’ हेच म्हणालात ना? चार दिवस झोपू दिलं नाही मला त्या वाक्याने.

किती आहेत माझ्याकडे? सात. सात सुरे, एकेक पारखून घेतलेला — पहिला पहिल्या पगारातला, शेवटचा निवृत्त झाले त्या दिवशीचा — आणि हा आठवा. संग्रहाला शोभेल असा एक भारी जपानी सुरा हवाय, एवढंच सांगितलं होतं मी तुम्हाला, खोटं नाही सांगितलं. एकतीस वर्षं कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये काढलीत मी, भाऊ, चारशे पानांचा स्वयंपाक दोन वेळचा, तेव्हा पोलाद म्हणजे काय ते मला नका शिकवू. गंजतो — माहीत आहे. कापून झाल्या झाल्या पुसायला लागतो — माहीत आहे. लिंबू चिरून तसाच ठेवला तर काळा पडतो — अहो, माणूसही पडतो. किंमत? किंमत विचारली का मी? मग तुम्ही कशाला सांगताय? बाई पायात साध्या चपला घालून आलेय म्हणून? काढा खोका.

हं. बघा — धरा उजेडात. उजवीकडून सपाट, एकदम पाटीसारखा, आणि डावीकडून तासलेला. बाकी सगळ्या जगाच्या उलटा. टोकही नाही ह्याला, समोरून चौकोनी — नाव काय म्हणालात — उसुबा. भाजीचा. असू दे, मला भाजीच चिरायची आहे, युद्धावर नाही जायचं. आणि ही मूठ पाहिलीत? एका अंगाला ही बारीकशी धार काढलीय ना लाकडाला, ती बोटांच्या पेऱ्यात बसते. उजव्या हातात धरलीत तर टोचेल. धरा, धरून बघा. टोचली ना? टोचू दे. मला आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुठी टोचल्या, तुम्हाला एक टोचली तर काही बिघडत नाही.

कुणासाठी? — भाच्यासाठी. भाचा आहे डावखुरा. शिकतोय. हॉटेलात. असे बघू नका, माणसाला भाचा असू शकतो.

हात काय? हात शालीत आहे, थंडी वाजते मला. तुमच्या दुकानात पंखा केवढा मोठा! बंद करा तो. — नको, राहू दे.

हे बघा, मी सांगते तुम्हाला डाव्या-उजव्याचं, म्हणजे मागच्या वेळेसारखं ‘चालत नाही’ म्हणणार नाही तुम्ही पुन्हा. कॅन्टीनमध्ये एक लांब टेबल होतं, पत्र्याचं. सहा जण एका रांगेत, कोपराला कोपर, सगळ्यांचे सुरे उजव्या हातात — टकटकटकटक, ऐकत राहावं. मी एकोणीस वर्षांची, नवी, आणि माझा सुरा डाव्या हातात. म्हणजे माझं कोपर शेजारणीच्या कोपरावर. ती ओरडायची, तिचा सुरा हलायचा. एके दिवशी तिचं बोट कापलं. फार नाही, नख गेलं थोडं. पण वस्ताद आला — आमचा मुख्य आचारी, त्याला सगळे वस्तादच म्हणायचे — आणि त्याने सुऱ्याच्या पाठीने माझ्या ह्या बोटांवर एक हाणली आणि म्हणाला, हात बदल नाहीतर नोकरी बदल. मी म्हटलं, मला टेबलाच्या टोकाला उभी करा, डाव्या टोकाला, मग कुणाचं कोपर लागणार? साधी गोष्ट! सहा माणसं, दोन टोकं! पण नाही. टोकाला वस्तादाचा मेहुणा उभा राहायचा, तिथे खिडकी होती, वारा यायचा. मग काय — बदलला हात. रात्रंदिवस बटाटे सोलले उजव्याने. वर्षभरात त्या पाच जणांपेक्षा वेगाने कापायला लागले, पाच वर्षांत तो मेहुणा माझ्या हाताखाली, आणि खिडकीही माझी. पण हात बदललेलाच राहिला. तोवर सवय झाली होती, आणि सवय झाली की माणसाला वाटतं आपल्याला मान्यच होतं ते.

नाही, दुखत नाही. मी कुठे म्हटलं दुखतोय? तुम्ही शालीकडे कशाला बघताय सारखे? सुऱ्याकडे बघा.

बरं. कसला भाचा न् कसलं काय. मला भाचाच नाही. एकुलती एक मी. घ्या, झालं समाधान? सात महिन्यांपूर्वी सकाळी, हातात सुरा, फळीवर दुधी, आणि सुरा आपोआप खाली. मी त्याच्याकडे बघतेय, हाताला सांगतेय उचल, आणि हात म्हणजे शेजाऱ्याचा असावा तसा, ऐकूनच घेईना. मग मी पण खाली. डॉक्टर म्हणाले नशीब, बोलणं वाचलं, पाय वाचला. बोलणं वाचलं ते तर तुम्ही भोगताच आहात. उजवा हात मात्र गेला. हा बघा — आता शालीतून काढलाच आहे तर बघून घ्या नीट, कीव करायची तर दोन मिनिटांत उरका. कप धरतो, तोही रिकामा. संपलं.

आणि माझी लेक — चांगली आहे हो ती, बँकेत आहे, मला उचलून नेणारी तीच — तिने काय केलं? मी दवाखान्यात असताना सातही सुरे चादरीत गुंडाळले आणि आपल्या घरी माळ्यावर नेऊन टाकले. आल्यावर मी बघते तर खण रिकामा. त्यात एक प्लॅस्टिकची सुरी, वाढदिवसाच्या केकबरोबर फुकट मिळते ती. ‘आई, आता विश्रांती घे. आई, आता माझ्याकडे राहायला ये. आई, एक वेळचा डबा येईल.’ डबा! मला! चारशे पानं वाढणाऱ्या बाईला डबा! मी म्हटलं, हात गेलाय एक, दुसरा आहे ना? ती म्हणते, ह्या वयात? मी म्हटलं, तो माझा पहिला हात आहे गं बाई, तू ओळखत नाहीस त्याला. मग भांडण, मग रडारड — ती रडली, मी नाही — आणि मग पैज. येत्या रविवारी ती येणार. तिच्यासमोर एक कांदा कापायचा, सरळ, सारखा, रक्त न काढता. जमला तर मी माझ्या घरात राहणार आणि डब्याचा विषय कायमचा बंद. नाही जमला तर सोमवारी कुलूप लावून तिच्याकडे.

तीन महिने सराव करतेय. शेजारणीची सुरी मागून आणते, ती बिचारी काही विचारत नाही. पण काप वरून जाड आणि खाली कागद! सुरी पळते बाहेरच्या बाहेर. मला वाटलं, झालं, नाचता येईना अंगण वाकडं. मग उजेडात धरून पाहिली — अंगण खरंच वाकडं होतं! पहिल्यापासून उजव्या हाताने घासून घासून एकाच अंगाला झिजलेली. माझे सातही तसेच असणार, मीच घासलेत. म्हणून म्हटलं चार दिवस झोप नाही. तुमच्या त्या खणात माझ्या हाताचा सुरा पडलाय आणि तुम्ही म्हणता, चालत नाही!

ती पिशवी उघडा जरा. तुम्हीच उघडा, मला तिच्या गाठीशी झगडायला लावू नका. हो, फळीच आहे. घाबरू नका, खिळे मुद्दाम आहेत, सुताराकडून खालून ठोकून घेतलेत, टोकं वर. म्हटलं कांदा धरायला हात नाही ना, मग खिळे धरतील. सुतार म्हणाला, तुमच्या डोक्यातून आलं हे? म्हटलं, डोकं शाबूत आहे. ओला फडका पसरा खाली, फळी सरकेल नाहीतर. आणि कांदा — आणलाय, पिशवीतच आहे, धार दाखवायला ठेवलेल्या तुमच्या टोमॅटोवर माझा विश्वास नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला, द्या सुरा इकडे. सरका. आणि आता एक शब्द बोलू नका.

...

बघितलंत?

बघितलंत! उचला तो काप, धरा उजेडाला. वर जेवढा तेवढाच खाली. अहो, हा तर — थांबा, अजून एक. अजून एक. — बेचाळीस वर्षं ह्या हाताला त्याचा सुरा मिळाला नाही हो, आणि त्याला सगळं माहीत आहे. कुणी शिकवलं? नुसता बाजूला उभा राहून बघत होता इतकी वर्षं. जित्याची खोड म्हणतात ती हीच. — कांदा आहे हा, कांद्याचं पाणी आहे डोळ्यात, रुमाल नको मला.

एक सांगू? सांगायला नको खरं तर. पडले ना मी त्या दिवशी, तेव्हा लेक बँकेत जाता जाता माझ्याकडे डोकावली होती, ती धावत आली. जमिनीवरून मला फक्त तिचे हात दिसत होते. माझ्या मानेखाली घातला तो डावा. फोन उचलला तो डाव्याने, नंबर दाबले ते डाव्याने, भराभर. आणि मी तिथे पडल्या पडल्या, अर्धं तोंड बधिर — म्हटलं, आहे की अजून! घाबरलं की माणसाचा खरा हात पुढे येतो. कारण — कारण तिचाही डावाच होता, भाऊ. जन्माचा. चार वर्षांची असताना जेवायला बसली की डावा पुढे, खडू धरला की डावा. आणि मी काय केलं असेल? वस्तादाने सांगितलं नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं. मीच. तिच्याच वेणीची लाल रिबीन घेऊन तो हात खुर्चीच्या पाठीला बांधला. रोज, जेवण होईपर्यंत. सहा महिने. मला वाटायचं, मी वाचवतेय तिला, उद्या कुणी हिच्या बोटांवर मारायला नको. त्या वर्षी ती बोलताना अडखळायला लागली. डॉक्टर म्हणाले, सुटेल. सुटलं. तिला आठवतं की नाही कुणास ठाऊक, मी कधी विचारलं नाही. विचारायला तोंड कुठे आहे मला? आणि आता तीच माझे सुरे माळ्यावर ठेवते आणि म्हणते, आई, तुझ्या भल्यासाठी. कुठून शिकली? घरातच शिकली.

म्हणून ओरडले नाही मी तिच्यावर. म्हणजे, ओरडले, पण जेवढं ओरडायला हवं तेवढं नाही.

तर रविवारी हा कांदा कापणार मी तिच्यासमोर, आणि जिंकणार. मग ते सात तिला सांगणार, तुझ्याकडेच असू देत, उजवे आहेत, मला उपयोग नाही. आणि मग हा फिरवून, मूठ तिच्याकडे करून, तिच्या डाव्या हातात देणार. म्हणणार, आता तू काप. बाकीचं जे काय बोलायचंय ते तेव्हा बोलेन. नाही घेतला तर? नाही घेतला तर माझी तीच शिक्षा, भोगीन. पण घर नाही सोडणार, हे लक्षात ठेवा.

असे काय उभे राहिलात? बांधा तो. खोका नवा द्या, हा पिवळा नको. फळी तशीच पिशवीत घाला, खिळे खाली करून. कांदा राहू दे तुम्हाला, घरी न्या. आणि — अहो, त्या हातात काय देताय, सांगितलं ना तो गेला? इकडून या. ह्या हातात द्या. हं.

दार उघडायला येऊ नका. आले तेव्हा कुणी उघडलं होतं? खांद्याने ढकललं की उघडतं तुमचं दार. बसा तुम्ही.