त्यांना एक धाकटा भाऊ होता

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर बसलेले आपल्या ग्रंथालयाचे विश्वस्त, आजच्या प्रमुख पाहुण्या, माझे सहकारी, वेळात वेळ काढून आलेले वाचक, आणि आपण सगळे ज्यांना निरोप द्यायला जमलो आहोत, पण ज्या आत्तासुद्धा शेवटच्या रांगेतल्या पंख्याकडे बघून 'तो बंद का आहे' असा चेहरा करून बसल्या आहेत, त्या आमच्या मुळेबाई!

पाहुण्यांच्या माहितीसाठी सांगतो, बाईंचं आडनाव मुळे नाही. लोकांच्या घराण्यांची मुळं खणून काढतात म्हणून वाचकांनी हे नाव पाडलं. ते इतकं रुळलं, की एका वर्षी हजेरीपटावरही तेच छापून आलं आणि बाईंनी मुकाट्यानं त्यापुढे सही केली.

आपल्या ग्रंथालयातला त्यांचा कोपरा बहुतेकांनी पाहिलाय. एक संगणक, दोन खुर्च्या, खिडकीत एक कायम तहानलेलं रोपटं. माणूस आजोबांचं नाव आणि पिवळे पडलेले दोन फोटो घेऊन येतो. बाई वंशावळीच्या सॉफ्टवेअरमध्ये एकेक नाव भरतात. कोण कोणाचा, जन्म कधी, लग्न कधी, मृत्यू कधी. सगळं भरून झालं की एक बटण दाबायचं, मग ते सॉफ्टवेअर आपणहून वाक्यं जुळवतं आणि घराण्याचा वृत्तांत तयार करतं. एका गृहस्थांनी दिलेल्या माहितीनुसार त्यांचे आजोबा त्यांच्या वडिलांपेक्षा लहान निघाले होते. पडद्यावर लाल इशारे झळकले. बाई शांतपणे म्हणाल्या, "काका, यातला एक जरा थांबला असता तर बरं झालं असतं."

अशा गमती पुष्कळ आहेत. पण आज मला दुसरंच सांगायचंय. ज्यांची ही हकीकत आहे, त्यांना विचारूनच सांगतोय. ते म्हणाले, "सांगा. फक्त नाव घेऊ नका." म्हणून आपण त्यांना किल्लीवाले म्हणू. कुलपं दुरुस्त करायचं, किल्ल्या बनवायचं वडिलांचं दुकान ते चालवतात.

पण पहिल्यांदा आले ते किल्लीवाले नव्हेत. आले होते एक निवृत्त बसचालक. गप्पिष्ट माणूस. आईवडिलांची माहिती भरून झाली. बाईंनी विचारलं, "भावंडं?" ते म्हणाले, "मी एकटाच लिहा." बाईंनी लिहिलं. 'एकटाच आहे' आणि 'एकटाच लिहा' यातला फरक त्यांना कळला नसेल, असं वाटतं तुम्हाला?

काही महिन्यांनी किल्लीवाले आले. त्यांनीही भावंडांच्या रकान्यात कोणी नाही असं सांगितलं. माहिती साठवताच पडद्यावर सूचना आली: या दोन नोंदींतले आईवडील एकच असावेत, नोंदी एकत्र करायच्या का? शेजारच्या टेबलावर मी वर्तमानपत्रांच्या फायली लावत होतो. बाईंनी मला खुणेनं बोलावलं. दोघांनीही आईचा एकच फोटो दिला होता. किल्लीवाल्यांच्या फोटोची एक कड कापलेली होती आणि आईच्या खांद्यावर नुसता एक हात उरला होता. बाईंनी किल्लीवाल्यांना विचारलं, "हा हात कोणाचा?"

"शेजारच्या पोराचा," ते म्हणाले.

बसचालकांनी दिलेल्या फोटोत तो शेजारचा पोरगा अख्खा उभा होता. नाक थेट किल्लीवाल्यांचं.

आता आपला नियम सर्वांना ठाऊक आहे. जिवंत माणसाची माहिती त्याच्या संमतीशिवाय दुसऱ्याला द्यायची नाही. नियम चांगलाच आहे. बाईंनी विश्वस्तांना विचारलं, त्यांनीही तेच सांगितलं, आणि त्यांचं काही चुकलं नाही. व्यासपीठावरच्या मंडळींनी गैरसमज करून घेऊ नये.

मग एके दिवशी बसचालक पत्नीचा हात धरून आले. निम्मे झाले होते. खुर्चीत बसायलाही वेळ लागला. म्हणाले, "ताई, धाकट्या भावाचं नाव घाला. वडील गेल्यावर मी दुकान सोडून बस चालवायला लागलो. तो म्हणाला, दुकान सोडलंस तर घरही सोड. मी सोडलं. इतकंच झालं हो."

"मी त्यांना कळवू का, तुमच्या तब्येतीचं?"

"अजिबात नाही. कीव येऊन आला तर काय उपयोग? नाव घालायचंय एवढंच विचारा. आपणहून आला तर येऊ दे."

बाईंनी शब्द दिला. त्याच दुपारी किल्लीवाल्यांना फोन लावला. "तुमच्या भावाला त्यांच्या वृत्तांतात तुमचं नाव हवंय. तुमची संमती आहे का?"

पलीकडे किल्ली घासणाऱ्या कानशीचा आवाज. मग, "विचार करतो."

बाई पुन्हा फोन करायच्या. "केलात का विचार?" आणि किल्लीवाले, ऐका हं, किल्लीवाले म्हणायचे, "एवढी घाई काय आहे बाई? तुमचं काम मेलेल्या माणसांचं. ती कुठं पळून जाणार आहेत?"

काय घाई आहे, हे बाईंना सांगता येत नव्हतं. फोन ठेवल्यावर त्या हात मांडीवर घेऊन बसायच्या. मी चहा आणून ठेवायचो. तो तसाच निवायचा. सभ्य स्त्री-पुरुषहो, दोन्ही बाजूंचं माहीत असलेलं एकच माणूस असावं आणि नेमकं त्याचंच तोंड बांधलेलं असावं, यापेक्षा वाईट जागा कोणती?

बसचालकांच्या पत्नी पुन्हा आल्या तेव्हा एकट्या होत्या. मृत्यूचा दिनांक सांगितला, बाईंनी भरला. फोनकडे हात नेला, मागे घेतला. अशी बातमी ग्रंथालयातून कशी द्यायची? आणि दुसऱ्याच दिवशी किल्लीवाले स्वतः हजर. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट.

"घाला नाव," म्हणाले. "दोघांचं एकत्रच करा. छापून झालं की मीच नेऊन देतो त्याला. पत्ता असेल ना तुमच्याकडे?"

"बसा," बाई म्हणाल्या. "ते गेले हो. याच आठवड्यात."

"कुठं गेला?"

बाईंनी खुर्ची पुढे सरकवली. त्यांना कळायला किती वेळ लागला, ते मी बघू शकलो नाही, फायलीत डोकं घातलं.

"तुम्ही घाई करत होतात," ते शेवटी म्हणाले.

"हो."

"सांगायचं होतंत."

"त्यांनी शब्द घेतला होता."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "छापा."

बटण दाबलं. बसचालकांच्या नावाखाली सॉफ्टवेअरनं वाक्य जुळवलं: 'त्यांना एक धाकटा भाऊ होता.' किल्लीवाल्यांनी त्यावर बोट ठेवलं. "इथं 'आहे' करता येईल?"

"मृत्यूचा दिनांक काढला तरच," बाई म्हणाल्या. "काढू का?"

त्यांनी बोट उचललं. मग म्हणाले, "नको. त्याच्या बायकोनं भरलाय तो. आपण कोण काढणार?"

ती पानं घेऊन ते वहिनींकडे गेले. दार उघडलं, पानं आत घेतली गेली, इतकंच ते सांगतात. पुढचं मी विचारलं नाही. अधूनमधून ते अजून येतात. बाईंच्या समोर बसतात, ते पान पडद्यावर उघडायला सांगतात, बघतात, जातात.

बाईंनी मला एकदा विचारलं होतं, "मी शब्द मोडायला हवा होता का?" आजच्या कार्यक्रमासाठी तरी उत्तर सुचेल असं वाटलं होतं. नाही सुचलं.

सोमवारपासून ती खुर्ची माझी आहे. नोंदी कशा जोडायच्या, पिढ्यांना क्रमांक कसे द्यायचे, सगळं बाईंनी शिकवलंय. काल मी विचारलं, "किल्लीवाले आले तर मी काय करू?" त्या म्हणाल्या, "काही करता येत नाही. पान उघडून द्या, आणि लगेच दुसऱ्या कामाला लागू नका."

बाई, तुमचे आभार कशाकशासाठी मानू? विश्वस्तांचे, पाहुण्यांचे आणि आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत त्याबद्दल आपलेही आभार. निरोपाच्या भाषणानं माणसं हसत घरी जावीत, ते काही मला जमलं नाही. बोलण्यात कमीजास्त झालं असेल, कोणाचा उल्लेख राहिला असेल, तर सांभाळून घ्या. आणि आपल्यापैकी कोणाचा कुणाला फोन करायचा राहून गेला असेल, तर मी खाली बसलो की खुशाल बाहेर जा. अध्यक्षांची मी माफी मागेन.