वाणगावच्या मिरचीआधी बांगड्या

चहा ओता, सांगतो. आमच्या वाणगावच्या नव्या पॅकहाउसमधून मिरची पहिल्यांदाच परदेशी जायची होती, आणि तपासणीला आलेले साहेब दारातच अडले. "मिरची निवडणाऱ्या हातात काच चालणार नाही. बांगड्या काढा, नाहीतर मंजुरी विसरा."

निवडणाऱ्या बायकांत सगळ्यात मोठ्या सुंदरकाकी. त्या जागच्या हलल्या नाहीत. "नवरा जिता हाय माजा. नाय काढनार."

मी मधे पडलो, तर काकींनी मलाच दटावलं. मग साहेबांच्या हाताकडे बोट करून म्हणाल्या, "आनि ती अंगठी?"

"ही लग्नातली आहे."

"मग ह्या काय शिमग्यातल्या हायत?"

साहेब तापले. अंगठी ओढायला लागले. पाणी झालं, साबण झाला, बोट लालबुंद झालं, पण अंगठी हलेना. शेवटी काकींनाच दया आली. "ऱ्हाऊ द्या, साहेब. घरी बाईला काय सांगाल?"

साहेबांना हसू फुटलं. त्यांनी कोपरापर्यंतचे हातमोजे मागवले. आता दर आठवड्याला आमची मिरची विमानात चढते, पण त्या दिवशी पहिली जोडी काकींनी साहेबांच्याच हातात चढवली.

"झाला दोगांचा पन संसार झाकून," त्या म्हणाल्या. "आता मिरची निवडू द्या."